समुद्रासाठी जागलेली रेचल

किनाऱ्यावरचं छोटंसं घर, आजूबाजूला कुणी नाही, समोर नुसती भरती-ओहोटी. अशा एकांताविषयी लिहिलेली पुस्तकं लोक वर्षानुवर्षं का वाचत असतील? मला वाटतं, ज्यांना असा एकांत मिळत नाही तेच ती जास्त वाचतात. गंमत म्हणजे रेचल कार्सनने ती लिहिली, आणि तिलाही तो फारसा मिळाला नाही!

रेचलचा जन्म 1907 चा, अमेरिकेतल्या स्प्रिंगडेल या नदीकाठच्या गावातला. समुद्र तिथून शेकडो मैल लांब. घरची परिस्थिती बेताची. मुलीने शिकावं म्हणून आईने पियानोच्या शिकवण्या घेतल्या, घरातली चिनी मातीची भांडीसुद्धा विकली. समुद्र रेचलला भेटला तो पुस्तकांतूनच. प्रत्यक्ष पाहिला 1929 मध्ये, वयाच्या 22 व्या वर्षी, वुड्स होलच्या सागरी प्रयोगशाळेत गेली तेव्हा.

1932 मध्ये प्राणिशास्त्रात एम.ए. झाली. डॉक्टरेट करायची होती, पण मंदीचे दिवस, पैसा कुठला? 1935 मध्ये वडील गेले. सरकारच्या मत्स्य खात्यात तिला माशांवर रेडिओसाठी लिहायचं काम मिळालं. दोन वर्षांनी बहीण गेली. मागे दोन मुली. त्याही रेचलच्या आणि आईच्या पदरात आल्या. लग्न तिने केलं नाही, पण संसार मात्र पुरा सांभाळला. दिवसा ऑफिस आणि रात्री सगळे झोपले की लेखन, हे किती जणींना ओळखीचं वाटेल!

पहिलं पुस्तक 1941 मध्ये आलं आणि महिनाभरात अमेरिका महायुद्धात उतरली. दोन हजार प्रतीही खपल्या नाहीत. दहा वर्षांनी आलेल्या ‘द सी अराउंड अस’ने मात्र कमाल केली. 86 आठवडे ते खपाच्या यादीत होतं. त्या पैशांवर तिने नोकरी सोडली आणि मेन राज्यात साउथपोर्ट बेटावर स्वतःचं घर बांधलं. तिथे ती 1953 मध्ये पहिल्यांदा राहिली, तीही फक्त उन्हाळ्यापुरती.

ओहोटी लागली की ती खडकांत उतरायची. खळग्यांत अडकलेल्या पाण्यातले बारीक जीव बादलीतून घरी आणायची, सूक्ष्मदर्शकाखाली न्याहाळायची आणि काम झालं की ते परत समुद्रात सोडून यायची. मला तिचं लिखाण आवडतं ते या स्वभावामुळे. कुठे विद्वत्तेचा तोरा नाही. खेकडा काय, शिंपला काय, शेजारणीची चौकशी करावी तसं ती त्यांच्याविषयी लिहिते.

आणि एकांत? बेटावरही म्हातारी आई सोबत असायची, तिचं दुखणंखुपणं असायचं. भाचीचा तान्हा मुलगाही तिथे यायचा. रात्री, वादळात, त्याला पांघरुणात गुंडाळून रेचल लाटा दाखवायला घेऊन गेली होती! त्यावर तिने 1956 मध्ये एका महिला मासिकात लेख लिहिला. मुलांना नावं पाठ करायला लावू नका, आधी नवल वाटू द्या, असं तिचं म्हणणं. पुढच्याच वर्षी भाची गेली आणि 49 वर्षांच्या रेचलने त्या पाच वर्षांच्या पोराला दत्तक घेतलं.

कीटकनाशकांच्या विषावरचं ‘सायलेंट स्प्रिंग’ 1962 चं. त्याने तर तिचं नाव जगभर झालं. पण ते लिहिताना तिला स्तनाचा कॅन्सर होता. 1960 मध्ये ऑपरेशन झालं, तेव्हा डॉक्टरांनी तिला खरं सांगितलंच नव्हतं. वर टीकाकार तिच्या अविवाहित असण्यावरून टोमणे मारत होते. त्यांना नक्की कशाचा राग होता, कोण जाणे.

14 एप्रिल 1964 ला ती गेली. वय अवघं 56. तिची अर्धी राख आईशेजारी पुरली आणि उरलेली बेटावरच्या जिवलग मैत्रिणीने समुद्रात सोडली.