बीथोव्हेनचे कान



थोरांच्या चरित्रासाठी राखलेल्या या पानावर यावेळी आम्ही लुडविग फान बीथोव्हेन या संगीतकाराची गोष्ट सांगणार आहोत. तो बहिरा होता आणि तरी त्याने महान संगीत रचले, एवढे एक वाक्य सामान्यज्ञानाच्या प्रत्येक पुस्तकात असते. वाक्य खरे आहे, पण त्यात फार काही दडून राहते. बीथोव्हेन एका रात्रीत बहिरा झाला नाही. त्याचे ऐकणे वीस वर्षे थोडे थोडे जात होते आणि त्यातली सुरुवातीची काही वर्षे त्याने ते सर्वांपासून लपवून ठेवले होते.

जर्मनीतील बॉन शहरात १७ डिसेंबर १७७० रोजी त्याचा बाप्तिस्मा झाला. आजोबा आणि वडील दोघेही तिथल्या दरबारात गायक होते. वडिलांना दारूचे व्यसन होते आणि मुलाला मोझार्टसारखा बालकलाकार म्हणून पुढे आणायची घाई होती. १७७८ साली कोलोनच्या कार्यक्रमाच्या जाहिरातीत सात वर्षांच्या मुलाचे वय सहा छापले गेले. पुढे नेफे नावाचे चांगले गुरू मिळाले, तेराव्या वर्षी दरबारात ऑर्गन वाजवण्याची पगारी नोकरी मिळाली, आणि १७९२ साली तो हायडनकडे शिकायला व्हिएन्नाला गेला. तिथे पियानोवादक म्हणून त्याचा बोलबाला झाला. १८०० साली पहिली सिंफनी लोकांसमोर आली. वय अवघे २९.

पण तोपर्यंत कान बिघडायला लागून दोन-तीन वर्षे झाली होती. १८०१ च्या उन्हाळ्यात त्याने वेगेलर आणि आमेंडा या दोन जुन्या मित्रांना पत्रे लिहून प्रथमच हे सांगितले, आणि कोणाला कळू देऊ नका अशी विनवणीही केली. कानांत रात्रंदिवस घोंघावत असे. नाटकगृहात नटांचे बोलणे समजण्यासाठी त्याला वादकांच्या अगदी जवळ बसावे लागे. लांबून वाद्यांचे आणि गळ्याचे वरचे सूर ऐकू येत नसत. कोणी हळू बोलले तर आवाज कळे, शब्द कळत नसत. आणि कोणी ओरडले तर ते सहन होत नसे. म्हणून त्याने लोकांत जाणेच सोडले होते. लोकांना वाटे, हा आपल्याच तंद्रीत असतो. मग हळूहळू, हा माणूसघाणा आहे, असे नाव पडले.

इथे आम्हाला थोडे थांबावेसे वाटते. काही वर्षांपूर्वी आमच्या वर्गात एक मुलगा मागच्या बाकावर बसायचा. श्रुतलेखनात अर्धे शब्द चुकायचे, हाक मारली तर दुसऱ्यांदा वळून पाहायचा. आम्ही त्याला किती वेळा रागावलो! लक्ष नसते, असा शेरा आम्हीच प्रगतिपुस्तकात लिहिला. पुढे आईने डॉक्टरांना दाखवले तेव्हा कळले की त्याला एका कानाने फार कमी ऐकू येते. वर्षभर तो समोरच्याचे ओठ पाहून काम भागवत होता आणि घरी, शाळेत काहीच बोलला नव्हता. आज तो चांगल्या नोकरीत आहे, भेटला की नमस्कार करतो, पण तो शेरा आम्ही विसरलेलो नाही.

बीथोव्हेनने उपचार पुष्कळ केले. एका डॉक्टरने कानांत बदामाचे तेल घातले, दुसऱ्याने डॅन्यूबच्या कोमट पाण्याच्या आंघोळी सांगितल्या आणि दंडांवर फोड आणणारी झाडाची साल बांधली. कानांना काही गुण आला नाही. तिसऱ्या डॉक्टरने, श्मिट त्याचे नाव, औषधापेक्षा शहाणपणाचा सल्ला दिला: शहराच्या गोंगाटापासून दूर जा आणि कानांना विश्रांती दे. म्हणून १८०२ साली तो व्हिएन्नाजवळच्या हायलिगेनश्टाट या खेड्यात काही महिने राहिला. एकदा शिष्य रीस याच्याबरोबर फिरताना दूर एक मेंढपाळ पावा वाजवत होता. रीसला ऐकू आला, गुरूला नाही. त्या ऑक्टोबरात त्याने आपल्या भावांना उद्देशून एक मृत्युपत्रासारखे लिहिले. जीव द्यावा असे वाटले होते, कलेने थांबवले, आणि ज्या इंद्रियात आपण इतरांपेक्षा सरस असायला हवे तेच दुबळे आहे हे चारचौघांत कसे सांगावे, असा त्यातला आशय आहे. तो कागद त्याने कोणालाच पाठवला नाही. मृत्यूनंतर त्याच्या कागदपत्रांत तो सापडला.

परत आल्यावर तो झपाट्याने कामाला लागला. पाचवी आणि सहावी सिंफनी २२ डिसेंबर १८०८ रोजी एकाच संध्याकाळी प्रथम वाजल्या. बहिरेपणामुळेच तो थोर झाला असे काही जण म्हणतात, ते आम्हाला पटत नाही. त्याला विचारले असते तर त्याने कान परत मागितले असते.

मे १८०९ मध्ये नेपोलियनच्या सैन्याने व्हिएन्नावर तोफा डागल्या. तेव्हा बीथोव्हेन आपल्या भावाच्या घराच्या तळघरात बसून होता, आणि तोफांचा आवाज पोचू नये म्हणून त्याने डोक्याभोवती उशा दाबून धरल्या होत्या. अर्धे ऐकणे गेलेले, मोठा आवाज आधीच असह्य. कानांना वाचवायला हाताशी एवढेच साधन होते.

कानाच्या आत काय असते हे त्याच्या डॉक्टरांना फारसे ठाऊक नव्हते. आज आपल्याला ठाऊक आहे. गोगलगाईच्या शंखासारख्या लहानशा नळीत केसाळ टोके असलेल्या सुमारे १५,००० सूक्ष्म पेशी असतात आणि माणसात त्या एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. फार मोठा आवाज त्यांना मारतो. अमेरिकेतील नायोश या संस्थेने कामगारांसाठी ८५ डेसिबलला दिवसाचे ८ तास ही मर्यादा सुचवली आहे. दर ३ डेसिबल वाढले की वेळ निम्मा, म्हणजे १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटे. वरातीतल्या डीजेच्या भिंतीजवळ आपली मुले किती वेळ नाचतात, हे पालकांनी एकदा घड्याळ लावून पाहावे. रात्री इयरफोन कानात ठेवून झोपणाऱ्यांनीही पाहावे.

पुढची वर्षे लवकर सांगतो. मेट्रोनोमसाठी ओळखल्या जाणाऱ्या मेल्त्सेलने त्याला धातूचे कर्णे करून दिले. १८१४ मध्ये तो लोकांसमोर पियानो वाजवायला बसला तेव्हा जोराच्या जागी तारा खणखणत आणि हळुवार जागी सूर उमटतच नसत. ऐकणाऱ्यांना वाईट वाटले. १८१८ पासून भेटायला येणारे वहीत लिहून बोलू लागले. अशा सुमारे १४० वह्या उरल्या आहेत. त्यांत प्रश्न आहेत, बाजारभाव आहेत, पुतण्याच्या तक्रारी आहेत. बीथोव्हेनची उत्तरे मात्र फारशी नाहीत, कारण तो तोंडाने बोलत असे.

७ मे १८२४ रोजी नववी सिंफनी प्रथम सादर झाली. तो वादकांसमोर उभा राहून ताल देत होता, पण त्याच्याकडे पाहू नका असे खऱ्या संचालकाने, उमलाउफने, सर्वांना आधीच बजावले होते. टाळ्यांचा कडकडाट झाला तरी त्याची पाठ प्रेक्षकांकडेच होती. शेवटी उंगर नावाच्या तरुण गायिकेने त्याला वळवले, तेव्हा त्याला हलणारे हात आणि रुमाल दिसले.

२६ मार्च १८२७ रोजी तो गेला. दुसऱ्या दिवशी शवविच्छेदनात कानाच्या नसा सुकलेल्या आढळल्या. २०२३ साली त्याच्या केसांच्या बटांतील डीएनए तपासला गेला. यकृताच्या आजाराचे धागेदोरे मिळाले, बहिरेपणाचे कारण मिळाले नाही.

जाता जाता दोन सूचना. यंदाच्या स्नेहसंमेलनात स्पीकरची भिंत असणार नाही, दोन साधे स्पीकर असतील आणि पहिल्या तीन रांगा रिकाम्या ठेवल्या जातील. आणि ज्या मुलाला फळ्याकडे पाठ करून शिक्षक बोलले की कळत नाही, त्याने किंवा त्याच्या पालकांनी आम्हाला येऊन सांगावे. नाव वहीत लिहून ठेवले तरी चालेल, वर्गात कोणालाही कळणार नाही.