कुलपे करणाऱ्याचा मुलगा

मी कला शाखेचा विद्यार्थी. विजेचे गणित हा काही माझ्या अभ्यासाचा विषय नव्हे. तरीही ज्याच्या नावाने जगभर विद्युतरोध मोजला जातो, त्या जॉर्ज सायमन ओहमचे चरित्र मला फार जवळचे वाटते. कारण मुळात ती एका शिक्षकाची कहाणी आहे.

ओहमचा जन्म १६ मार्च १७८९ रोजी जर्मनीतील एर्लांगेन येथे झाला. वडील कुलपे करीत. त्यांना रीतसर शिक्षण मिळाले नव्हते. पण स्वतःच्या बळावर गणित शिकून त्यांनी ते जॉर्ज आणि मार्टिन या मुलांना शिकवले. जॉर्ज दहा वर्षांचा असतानाच आई वारली. १८०५ मध्ये तो विद्यापीठात दाखल झाला खरा. परंतु नाच, बिलियर्ड्स आणि बर्फावरचे स्केटिंग यांतच त्याचा वेळ जाऊ लागला. वडील संतापले. तीन सत्रांनंतर त्याला विद्यापीठ सोडावे लागले. (मित्रहो, आपल्यापैकी कित्येकांना येथे दिलासा वाटेल!) पुढे स्वित्झर्लंडमध्ये मुलांना गणित शिकवीत त्याने स्वतःचा अभ्यास पुरा केला आणि १८११ मध्ये एर्लांगेनलाच डॉक्टरेट मिळवली.

१८१७ पासून तो कलोनच्या शाळेत शिकवू लागला. फावल्या वेळात प्रयोग चालत. त्या काळच्या विद्युतघटांचा दाब स्थिर राहत नसे. तेव्हा पोगेनडॉर्फच्या सूचनेवरून त्याने बिस्मथ आणि तांबे यांची जोडणी वापरली. एक सांधा उकळत्या पाण्यात, दुसरा बर्फात! दाब स्थिर झाला. मग वेगवेगळ्या लांबीच्या तारा जोडून चुंबकसुई किती वळते, हे तो टिपत गेला. त्यातून त्याचा नियम निघाला. तार तीच आणि तिचे तापमान तेच असेल, तर दाबाच्या प्रमाणात प्रवाह वाढतो. दाबाला प्रवाहाने भागले की रोध मिळतो.

समजा, विजेची शेगडी २३० व्होल्टवर ५ अँपिअर प्रवाह घेते. तिचा रोध ४६ ओहम. दाब आणि प्रवाह यांचा गुणाकार म्हणजे शक्ती. ती ११५० वॅट. विजेपासून निघणाऱ्या उष्णतेचा हिशेब जूलने १८४० च्या दशकात मांडला. आता संध्याकाळी दाब १८४ व्होल्टपर्यंत उतरला, तर प्रवाह ४ अँपिअर आणि शक्ती अवघी ७३६ वॅट. दाब पाचव्या हिश्श्याने उतरला. ऊब मात्र तिसऱ्या हिश्श्याहूनही अधिक घटली! दाबाबरोबर प्रवाहही उतरतो, म्हणून हा दुहेरी तोटा.

हे सारे १८२७ च्या त्याच्या ग्रंथातून सिद्ध झाले. पण जर्मन विद्वानांनी त्याचे थंडे स्वागत केले. दुखावलेल्या ओहमने १८२८ मध्ये कलोनची नोकरी सोडली. बर्लिनमध्ये शिकवण्या, मग १८३३ पासून न्यूरेंबर्गला अध्यापन, असे दिवस गेले. १८४१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्याला कोप्ले पदक दिले, म्हणजे मान आला तोही परदेशातून. ज्या प्राध्यापकपदाची आयुष्यभर आस धरली, ते म्युनिकला १८५२ मध्ये मिळाले. त्या वेळी त्याचे वय त्रेसष्ट होते. ६ जुलै १८५४ रोजी तो निवर्तला.

१८८१ च्या पॅरिस येथील विद्युत परिषदेने रोधाच्या एककाला त्याचे नाव दिले. ज्याच्या वाट्याला जन्मभर विरोधच आला, त्याचेच नाव रोधाला मिळावे, हा योगायोग मला विलक्षण वाटतो. तार जितकी लांब, तितका रोध अधिक. तरीही प्रवाह वाहतच असतो. ओहमही तसाच चालत राहिला.