दारोदार फिरून जोडलेले तक्ते : डॉ. जॉन स्नो

निकालाच्या दिवसांत संगणक कक्षात आपण नावांचा, गुणांचा आणि हजेरीचा असे तीन तक्ते एकत्र करतो. तिन्हींत पटावरचा क्रमांक असला की चार ओळींची स्क्रिप्ट ते क्षणात जोडून देते. पण असा समान रकानाच नसेल तर? तो रकाना पायी फिरून भरणाऱ्या एका डॉक्टरांची ओळख आम्ही या अंकात करून देत आहोत.

जॉन स्नो यांचा जन्म १५ मार्च १८१३ रोजी इंग्लंडमधील यॉर्क येथे एका मजुराच्या घरी झाला. नऊ भावंडांत ते थोरले. चौदाव्या वर्षी ते न्यूकॅसलला एका डॉक्टरांच्या हाताखाली शिकू लागले. तेथेच, १८३१-३२ च्या साथीत, कोळशाच्या खाणीतले कामगार पटकीने मरताना त्यांनी पाहिले. पुढे लंडनमध्ये भूल देण्यात त्यांनी नाव कमावले. १८५३ मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या बाळंतपणात क्लोरोफॉर्म त्यांनीच दिले.

पटकी मात्र त्यांच्या मनातून गेली नव्हती. दूषित हवेमुळे रोग होतो, असे बहुतेक डॉक्टर मानत. स्नो यांचा संशय पाण्यावर होता.

दक्षिण लंडनच्या अनेक गल्ल्यांत दोन कंपन्यांचे नळ शेजारीशेजारी होते. साउथवर्क अँड व्हॉक्सहॉल कंपनी शहरातल्या घाणेरड्या थेम्स नदीतून पाणी उचले. लॅम्बेथ कंपनी १८५२ पासून नदीच्या वरच्या अंगाचे स्वच्छ पाणी घेई. हवा तीच, गल्ली तीच, पाणी तेवढे वेगळे! १८५४ च्या साथीत मृतांचे पत्ते नोंदणी कार्यालयातील विल्यम फार यांच्याकडून मिळाले. कोणत्या कंपनीची किती घरे, हेही कागदोपत्री होते. पण कोणत्या पत्त्यावर कोणाचे पाणी, हे कोठेच लिहिलेले नव्हते.

स्नो दारोदार जाऊन विचारू लागले. पाणीपट्टी बहुधा घरमालक भरी, त्यामुळे भाडेकरूंना कंपनीचे नाव ठाऊक नसे. मग ते बाटलीत पाणी घेत आणि त्यात सिल्व्हर नायट्रेट टाकत. साउथवर्कच्या पाण्यात मीठ कितीतरी जास्त, म्हणून ते लगेच गढूळ होई. रकाना असा एकेका घराने भरत गेला.

साथीच्या पहिल्या सात आठवड्यांचा हिशेब असा निघाला : साउथवर्कच्या ४०,०४६ घरांत १,२६३ मृत्यू, लॅम्बेथच्या २६,१०७ घरांत ९८. म्हणजे दर दहा हजार घरांमागे ३१५ आणि ३७.

आज हेच काम करायचे तर मृत्यूंचा तक्ता पत्त्यावरून पाणीपुरवठ्याच्या तक्त्याशी जोडायचा (यालाच ‘जॉइन’ म्हणतात), कंपनीनुसार मोजणी करायची आणि घरांच्या संख्येने भागायचे. स्क्रिप्ट छोटीच. फक्त ‘१२, अमुक रस्ता’ आणि ‘अमुक रस्ता, १२’ हे संगणकाला दोन निरनिराळे पत्ते वाटतात. दाराशी उभ्या असलेल्या स्नो यांची तशी फसगत होत नव्हती.

ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाचा दांडा काढल्याची त्यांची गोष्ट पाठ्यपुस्तकांतून गाजली. आम्हाला मात्र ही पायपीट अधिक मोलाची वाटते. जाणकारांना ती तेव्हा पुरेशी पटली नाही आणि १६ जून १८५८ रोजी, वयाच्या अवघ्या ४५ व्या वर्षी, स्नो यांचे निधन झाले. १८६६ मध्ये पूर्व लंडनमध्ये पुन्हा साथ आली. तेव्हा मृत्यूंच्या नोंदी आणि पाणीपुरवठा स्वतः विल्यम फार यांनीच ताडून पाहिला, आणि बोट पाण्याकडेच गेले.