संगीतसूर्य केशवराव भोसले : बालनट ते मंडळीचे मालक

कोल्हापूर : मराठी संगीत रंगभूमीवर कोवळ्या गळ्याची अनेक मुले गाजली, आवाज फुटताच त्यांतील कित्येक विस्मृतीत गेली. केशवराव भोसले यांच्या वाट्याला मात्र ते प्राक्तन आले नाही.

९ ऑगस्ट १८९० रोजी कोल्हापुरात जन्मलेल्या केशवरावांचे पितृछत्र बालपणीच हरपले. घरच्या गरिबीमुळे पाटी-पुस्तकाच्या वयात त्यांना स्वदेशहितचिंतक नाटक मंडळीत दाखल व्हावे लागले. शालेय शिक्षण असे झालेच नाही. रंगमंच हीच त्यांची शाळा ठरली.

गोविंद बल्लाळ देवल यांच्या ‘शारदा’ने त्यांना कीर्ती दिली. म्हाताऱ्याशी लग्न लावून दिल्या जाणाऱ्या कुमारिकेची ही कथा. स्त्रिया रंगभूमीवर येत नसत, त्या काळात या भूमिकेला प्रौढ नट कितीही कसलेला असला तरी अपुराच पडावा. येथे नायिकेच्याच वयाचा मुलगा उंच, धारदार आवाजात तिची व्यथा गात होता. प्रेक्षक त्या आवाजासाठी गर्दी करू लागले.

गाजलेला बालनट म्हणजे मंडळीच्या मालकाची मिळकतच. केशवरावांनी मालकी आपल्याच हाती घेतली. १ जानेवारी १९०८ रोजी, अवघ्या सतराव्या वर्षी, हुबळीत त्यांनी ‘ललितकलादर्श’ मंडळी स्थापन केली. नाटक मंडळी म्हणजे फिरते बिऱ्हाडच: नट, साजिंदे, आचारी, पडदे, पेटारे आणि नव्या गावी उत्पन्न होईल की नाही याची रोजची धास्ती. हा भार मिसरूड फुटण्याच्या वयात त्यांनी पेलला. रामकृष्णबुवा वझे यांच्याकडून गायकीचे धडे घेतले आणि राजर्षी शाहू महाराजांचा आश्रयही त्यांना लाभला.

नाटकांच्या निवडीतही त्यांचे धाडस दिसते. हिराबाई पेडणेकर या स्त्री नाटककाराचे ‘दामिनी’ त्यांनी रंगमंचावर आणले; मामा वरेरकरांचे हुंड्याच्या प्रश्नावरील ‘हाच मुलाचा बाप’ही ललितकलादर्शचेच.

८ जुलै १९२१ रोजी मुंबईत, टिळक स्वराज्य फंडाच्या मदतीसाठी ‘संयुक्त मानापमान’ झाले. बालगंधर्व भामिनी, केशवराव धैर्यधर. दोघेही स्वतंत्र मंडळ्यांचे मालक आणि एकमेकांचे प्रतिस्पर्धी. त्यामुळे रसिकांमध्ये तट पडलेले. एकेकाळचा शारदा झालेला मुलगा त्या रात्री नायकाच्या वेषात बालगंधर्वांसमोर उभा होता आणि कुठेही उणा पडला नाही. रंगभूमीच्या इतिहासात या प्रयोगाची आठवण आजही काढली जाते.

त्यानंतर तीन महिनेही उलटले नाहीत. ४ ऑक्टोबर १९२१ रोजी विषमज्वराने केशवरावांचे निधन झाले. वय अवघे ३१.

ललितकलादर्शची धुरा बापूराव पेंढारकरांनी आणि पुढे त्यांचे पुत्र भालचंद्र यांनी वाहिली. शाहू महाराजांनी कोल्हापुरात बांधलेल्या पॅलेस थिएटरला केशवरावांचे नाव देण्यात आले. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते नाट्यगृह आगीत भस्मसात झाले. दुसऱ्याच दिवशी केशवरावांची जयंती होती.