मराठीत आकाश मांडणारे केरोनाना

विज्ञान मराठीत शिकून मुलाचे पुढे कसे व्हायचे, असा प्रश्न सीमाभागातले पालक हल्ली उघड विचारतात आणि गावातली मराठी शाळा सोडतात. त्यांना प्रा. केरो लक्ष्मण छत्रे यांची हकिकत सांगावीशी वाटते.

केरोनाना मूळचे अलिबागजवळच्या नागावचे. मुंबईत एल्फिन्स्टन संस्थेत बाळशास्त्री जांभेकर व प्रा. ऑर्लेबार यांच्या हाताखाली ते शिकले आणि कोवळ्या वयातच कुलाब्याच्या वेधशाळेत नोकरीला लागले. तिथे चुंबकाच्या सुया आणि हवामान यांची नोंद रात्रंदिवस ठरल्या वेळी घ्यावी लागे. सुमारे दहा वर्षे त्यांनी हे चिकाटीचे काम केले. मग १८५१ च्या सुमारास ते पुण्यास आले आणि १८७९ साली निवृत्त होईपर्यंत गणित व सृष्टिशास्त्र शिकवीत राहिले. डेक्कन कॉलेजात लोकमान्य टिळक त्यांचे विद्यार्थी होते. टिळक १८७६ साली बी. ए. झाले; या गुरूविषयीचा त्यांचा आदर जन्मभर टिकला. पुढे १९१६ साली बेळगावात येऊन ज्यांनी होमरूलची चळवळ उभी केली, तेच हे टिळक.

कॉलेजातला कारभार इंग्रजीत चाले. तरी केरोनानांनी मराठी शाळांतल्या मुलांसाठी अंकगणित आणि पदार्थविज्ञान यांवर पुस्तके लिहिली. या विषयांचे मराठी शब्द तेव्हा अजून घडत होते. ज्याला विषय आतून कळला आहे, त्याचे शब्दावाचून फारसे अडत नाही, असे आम्हाला तरी वाटते.

त्यांचे मोठे काम मात्र पंचांगाचे. आपले जोशी १५२० सालच्या ग्रहलाघवावरून गणित करीत. तीनशेहून अधिक वर्षांत बारीक चुका साचत गेल्या आणि पंचांगातले ग्रह व आकाशातले ग्रह जुळेनासे झाले. केरोनानांनी पाश्चात्त्य कोष्टकांच्या आधारे १८६० साली ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ हा ग्रंथ मराठीत छापला. गावच्या जोश्याला इंग्रजीचा गंध नसला तरी आता नवे गणित करता येणार होते. १८६५ पासून आबासाहेब पटवर्धनांच्या पाठबळाने या पद्धतीचे पंचांग निघू लागले. तेच पटवर्धनी पंचांग.

त्यात रेवतीच्या ताऱ्यापासून राशी मोजल्या होत्या. त्यामुळे संक्रांत जुन्या पंचांगापेक्षा सुमारे चार दिवस आधी येई, कधी अधिक महिनाही वेगळा पडे. सण बदलायला कोण तयार होणार? बहुतेक घरांनी जुनेच पंचांग धरले. ग्रहगणित बरोबर आहे हे पटूनही आरंभस्थानावरून शास्त्री मंडळींचा वाद पेटला, आणि त्यात दोन्ही बाजूंना विचारी माणसे होती.

१८८४ साली केरोनाना वारले. वाद मात्र मिटला नाही. १९२० साली, टिळकांच्या अखेरच्या वर्षी, सांगलीला ज्योतिषसंमेलन भरले तेव्हाही तो चर्चेत होता. गुरूंनी धरलेला रेवतीचा तारा टिळकांनीही सोडला नव्हता, आणि त्यावरून निघालेल्या पंचांगाला टिळकांचेच नाव मिळाले.