हंसा वाडकर : आत्मकथन आणि ‘भूमिका’

हंसा वाडकर (१९२३-१९७१) यांचे मूळ नाव रतन साळगावकर. सावंतवाडीकडील कलावंतिणींच्या घराण्याचा वारसा आणि घरची ओढगस्त या पार्श्वभूमीवर ‘विजयाची लग्ने’ (१९३६) या चित्रपटातून, वयाच्या तेराव्या वर्षाच्या सुमारास, त्यांनी चित्रसृष्टीत प्रवेश केला. अभिनय हा त्यांच्या बाबतीत प्रथमतः कुटुंबाच्या चरितार्थाचा भाग होता. पुढे जगन्नाथ बंदरकर यांच्याशी विवाह झाल्यावर चित्रपट सोडून संसार करावा, ही त्यांची इच्छा होती. परंतु त्यांच्या मिळकतीवर चालणाऱ्या संसारात तिला वाव मिळाला नाही.

प्रभातच्या ‘संत सखू’ (१९४१) मध्ये सासुरवास सोसणारी भक्त आणि ‘लोकशाहीर रामजोशी’ (१९४७) मध्ये तमाशातील नर्तकी, अशी परस्परविरोधी स्त्रीरूपे त्यांनी समर्थपणे साकारली. अनंत माने यांच्या ‘सांगत्ये ऐका’ (१९५९) या चित्रपटाने पुण्यात १३१ आठवड्यांचा विक्रम केला. पडद्यावरील या यशाच्या काळात खासगी जीवनात मात्र दुरावलेला पती, मुलीची ताटातूट, मद्यपान, तसेच मराठवाड्यातील एका जमीनदाराच्या घरातील बंदिस्त जिणे त्यांच्या वाट्यास आले.

हे सारे त्यांनी अरुण साधू यांना कथन केले. ‘माणूस’मधून प्रसिद्ध झालेले हे आत्मकथन १९७० साली पुस्तकरूपाने आले. त्याला त्यांच्याच गाजलेल्या चित्रपटाचे नाव लाभले, ही बाब अर्थपूर्ण आहे. शब्दांकन दुसऱ्याचे असले, तरी सांगणारी ‘मी’ त्यांची आहे. आपल्या चुकांचा उच्चार ती स्वतः करते व सहानुभूतीची याचना करीत नाही.

त्यांच्या निधनानंतर सहा वर्षांनी श्याम बेनेगल यांनी या आत्मकथनावर आधारित ‘भूमिका’ (१९७७) हा हिंदी चित्रपट निर्माण केला. त्यातील नायिका उषा आहे, हंसा नव्हे. स्मिता पाटील यांना या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. गिरीश कर्नाड, सत्यदेव दुबे व बेनेगल यांच्या पटकथेने विस्कळीत आठवणींना स्वातंत्र्याच्या शोधाचे सूत्र दिले. चित्रपटाच्या अखेरीस उषा हॉटेलच्या खोलीत एकटी उरते.

या माध्यमांतरात एक मूलभूत बदल घडला. पुस्तकातील स्त्री सांगते आणि वाचक ऐकतो. चित्रपटातील स्त्रीकडे प्रेक्षक पाहतो. चित्रपटाने तिच्या दुःखाला व्यापक सामाजिक अर्थ प्राप्त करून दिला, पण निवेदनाचा अधिकार तिच्याकडे राहिला नाही. आयुष्यभर इतरांनी दिलेल्या भूमिका वठविणाऱ्या या अभिनेत्रीचा स्वतःचा आवाज ऐकावयाचा, तर ‘भूमिका’ पाहिल्यानंतरही आत्मकथनाकडेच वळावे लागते.