परिचारिकांना घडविणाऱ्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल

हाती दिवा घेऊन रात्रीच्या वेळी जखमी शिपायांची विचारपूस करणाऱ्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचे चित्र बहुतेक वाचकांनी शाळेच्या पुस्तकात पाहिले असेल. प्रस्तुत लेखकानेही ते अनेक वर्षे वर्गात मुलांना दाखविले. परंतु युद्धावरून परतल्यानंतर बाई आणखी ५४ वर्षे जगल्या. आणि नव्या परिचारिकेस अनुभवी परिचारिकेने कसे शिकवावे, याची घडी त्यांनी त्याच काळात बसविली. ती हकीकत थोडक्यात सांगावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

बाईंचा जन्म १२ मे १८२० रोजी इटलीतील फ्लॉरेन्स शहरी, एका सधन इंग्रज घराण्यात झाला. वडिलांनी त्यांना ग्रीक व लॅटिन या भाषा स्वतः शिकविल्या. इ. स. १८४५ मध्ये, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, सॉल्सबरी येथील रुग्णालयात काही महिने राहून शुश्रूषा शिकावी अशी इच्छा त्यांनी घरी बोलून दाखविली. तेव्हा जणू घरावर आकाश कोसळले! रुग्णालयातील नोकरी कुलीन स्त्रीने करावी, असे त्या काळी इंग्लंडातही कोणास वाटत नसे. परवानगी मिळाली नाही. पुढे सहा वर्षांनी, १८५१ साली, जर्मनीतील कैझरस्वेर्थ येथील संस्थेत सुमारे तीन महिने राहण्याची संधी त्यांना लाभली. शिकण्याची तळमळ आहे, पण शिकविणारे कोणी नाही, हे दुःख त्यांनी असे स्वतः भोगले होते.

नोव्हेंबर १८५४ मध्ये क्रिमियाच्या युद्धातील जखमींसाठी त्या ३८ स्त्रियांना घेऊन तुर्कस्तानातील स्कुटारी येथे पोहोचल्या. त्या स्त्रियांत काही कुशल होत्या, काही केवळ दयाळू होत्या, तर काही दोन्ही नव्हत्या. कित्येकींना परत धाडावे लागले. अंतःकरणात करुणा असली तरी हातास वळण नसेल, तर रुग्णाचे हाल थांबत नाहीत, हा धडा बाईंना तेथे मिळाला. युद्धानंतर मृत्यूंचे आकडे तपासता, घाण पाणी, तुंबलेली गटारे व कोंदट हवा यांनीच अधिक बळी घेतल्याचेही त्यांच्या ध्यानी आले.

त्यांच्या गौरवार्थ जनतेने सुमारे ४५ हजार पौंडांचा निधी जमविला. बाईंनी तो परिचारिकांच्या शिक्षणास लावला. ९ जुलै १८६० रोजी लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयात त्यांची शाळा सुरू झाली. बाई स्वतः आजाराने बहुधा घरीच असत. म्हणून शाळेचा भार तेथील मेट्रन श्रीमती वॉर्ड्रोपर यांजकडे आला. या विधवा बाई कोणत्याही शाळेत न शिकता केवळ अनुभवाने तयार झालेल्या होत्या.

उमेदवार मुलीने एक वर्ष रुग्णालयाच्या आवारातच राहावयाचे. जेवण, निवास, गणवेश व वर्षाकाठी १० पौंड तिला मिळत. डॉक्टरांची व्याख्याने असत. परंतु खरा वर्ग वॉर्डात, रुग्णाच्या खाटेशी भरे. रुग्णास न उठविता चादर कशी बदलावी, शय्याव्रण कसे टाळावेत, जखम कशी बांधावी, पोटीस कसे लावावे, पेज कशी शिजवावी, नाडी, त्वचा व भूक यांतील फरक कसा टिपावा, हे सर्व वॉर्डाच्या सिस्टरने स्वतः करून दाखवावयाचे व उमेदवाराकडून करून घ्यावयाचे. मेट्रन दरमहा प्रत्येकीच्या नावे तक्ता भरीत असत. त्यात कौशल्याप्रमाणेच वक्तशीरपणा, शांतपणा, विश्वासूपणा व स्वच्छता यांचीही नोंद असे.

या शाळेच्या परिचारिका दूरवर पोहोचल्या. १८६५ साली ॲग्नेस जोन्स १२ परिचारिकांसह लिव्हरपूलच्या अनाथ-दरिद्रांच्या रुग्णालयात गेल्या, आणि १८६८ मध्ये तेथेच टायफस ज्वराने मरण पावल्या. त्याच वर्षी लूसी ऑस्बर्न पाच सहकारिणींसह ऑस्ट्रेलियात सिडनी येथे पोहोचल्या. ज्या काल शिकल्या, त्या आज दुसऱ्यांना शिकवू लागल्या.

परंतु मूळ शाळेची स्थिती कशी होती? १८७१ साली सेंट टॉमस रुग्णालय नव्या विस्तीर्ण इमारतीत गेले, काम वाढले. बाईंनी बारकाईने चौकशी करता दिसून आले की, व्याख्याने बंद पडल्यासारखी आहेत, सिस्टर शिकवीत नाहीत, आणि उमेदवार मुलींना केवळ कामाचे हात समजून राबविले जात आहे. जगभर कीर्ती पसरलेली असता आपल्याच शाळेतील उणीव मान्य करणे सोपे नव्हते. बाईंनी ती झाकली नाही. व्याख्यानांसाठी क्रॉफ्ट नावाचे दुसरे शल्यवैद्य नेमले. मुलींचा अभ्यास घेण्यासाठी व त्यांची देखभाल करण्यासाठी निवासात स्वतंत्र सिस्टर ठेवली. त्या मुलींना एकेक करून घरी बोलावीत, चहा देत, काय शिकलीस ते विचारीत व टिपून ठेवीत. १८७२ पासून त्यांनी मुलींना उद्देशून पत्रे लिहिण्याचा प्रघात पाडला. परिचारिकेचे शिक्षण कधीच पुरे होत नाही, हे त्यांत त्यांनी परोपरीने समजाविले.

१९०७ साली ऑर्डर ऑफ मेरिट हा सन्मान मिळालेल्या त्या पहिल्या स्त्री होत. १३ ऑगस्ट १९१० रोजी, नव्वदाव्या वर्षी, त्यांचे देहावसान झाले.

आज आपल्या कित्येक घरांतील मुली परिचारिका आहेत. त्यांतील ज्या सिस्टर वा मेट्रन झाल्या असतील, त्यांच्या हाताखाली दरवर्षी नवी, बावरलेली मुलगी येत असेल. कामाच्या गर्दीत तिला नुसते राबवून घेणे सोपे असते. तिला खाटेशी उभे करून, एकदा स्वतः करून दाखवून, मग तिच्या हातून करून घेणे यास वेळ लागतो. पण तो वेळ वाया जात नाही. उद्या जो रुग्ण त्या खाटेवर येईल, त्याच्याच तो कामी येतो. दिव्याचे चित्र पाहताना एवढे स्मरले, तरी बाईंच्या स्मृतीस खरे वंदन घडेल.